न वाकणारा आर्म

जबलपूरजवळच्या पनागरच्या एका मटारवाल्या व्यापाऱ्यापासून सुरू करतो. त्याचं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग पुढचं ऐकून घेतात. त्याने नव्या घराच्या गॅरेजला रिमोटवर उघडणारा दरवाजा बसवला होता. एक दिवस त्याचा फोन आला, "भैया, दरवाजा नीचे टिकता है और फिर वापस ऊपर भाग जाता है." मी गेलो. वर पाहिलं तर मोटरकडून दरवाजाकडे येणारी लोखंडी पट्टी फुटपट्टीसारखी सरळ. हे कोणी केलं म्हणून विचारलं, तर छाती फुगवून म्हणाला, "टेढी हो गई थी. लोहार से गरम करवाके सीधी करा ली." आता ती पट्टी मुळातच वाकडी असते. विळ्यासारखा बाक देऊनच ती बनवतात. सरळ केली म्हणजे लांबी वाढली, दरवाजा वेळेआधी जमिनीला टेकला, आणि मोटरला वाटलं खाली कोणी सापडलं, म्हणून ती बिचारी दरवाजा परत वर घेऊन जायची. मोटर शहाणी होती, मालक तेवढा नव्हता. मी त्याच्यासमोर हसलो नाही, पण घरी येऊन बायकोला सांगताना पोट धरून हसलो. तेव्हा मला माहीत नव्हतं की याहून मोठा गाढवपणा माझ्याच हातून व्हायचा आहे.

ज्यांनी असा दरवाजा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा दुकानाच्या शटरसारखा गुंडाळत नाही. चार-पाच आडव्या फळ्या बिजागरीने जोडलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या पन्हळींतून चाकांवर त्या वर जातात आणि छताखाली आडव्या होऊन पडतात. दरवाजाचं वजन स्प्रिंगा पेलतात. छताला टांगलेली मोटर त्याला फक्त ओढते आणि ढकलते. मोटरच्या दांडीवर एक लोखंडी ठोकळा, आमच्या भाषेत घोडा, पुढे-मागे सरकतो आणि त्या घोड्याला व दरवाजाच्या वरच्या फळीला जोडणारी जी हातभर पट्टी, तिला आम्ही आर्म म्हणतो. एवढ्या मोठ्या दरवाजात सगळ्यात किरकोळ दिसणारा भाग तोच. आर्म बदलणं वीस मिनिटांचं काम आहे. दरवाजा खाली आणायचा, मोटरची वीज काढायची, लाल दोरी ओढून घोडा सोडवायचा, दोन पिना काढायच्या, जुना आर्म काढून नवा लावायचा. खरं काम आहे ते जुना काहून वाकला हे शोधणं. आर्म आपल्या मर्जीने वाकत नाही.

मी हे रिटायर झाल्यावर शिकलो. त्याआधी जबलपुरात जड गाड्या बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात टूल रूममध्ये होतो. टूल रूमचा माणूस म्हणजे काय चीज असते ते बाहेरच्याला कळायचं नाही. बाकीचे मशीन चालवतात, आम्ही मशीनला लागणारी हत्यारं बनवतो. केसाच्या जाडीची चूक आमच्याकडे चूक धरायचे. तुटलेला तुकडा आला की साहेब तो माझ्या हातात द्यायचे आणि मी तो बोटांनी चाचपून सांगायचो, हा ओढल्याने गेला, हा दाबाने गेला, हा पिळल्याने गेला. ही बढाई नाही. आहे, थोडी आहे. पण खरी आहे.

रिटायरमेंटनंतर घरात बसून बायकोच्या फोडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा तिनेच मला बाहेर काढलं. शहरात नवे बंगले होत होते, दरवाजे बसवणारे पुष्कळ होते, पण बिघडल्यावर येणारा कोणी नव्हता. मी जायला लागलो. सिहोऱ्यापासून भेडाघाटपर्यंत माझी स्कूटर गेली नाही असा रस्ता नाही. एकाने दरवाजाला टेकवून गव्हाची पोती रचली होती आणि रिमोट दाबून बघत होता की बळ किती आहे. एका दीदींनी पन्हळीत चाक नीट फिरावं म्हणून मोहरीचं तेल ओतलं होतं, त्यावर धूळ बसून चिखल झाला होता. मी सगळ्यांना थोडं रागवायचो आणि मग नीट करून द्यायचो. लोक म्हणायचे, बोरकर भाऊंची जीभ तिखट आहे, हात गोड आहे.

नाफडे बाईंचं घर या सगळ्यांत वेगळं. त्या आमच्या मराठी शाळेत गणित शिकवत. वय सत्तरच्या पुढे, पण गाडी स्वतः चालवायच्या. आठवड्यातून दोनदा नवऱ्याला व्यायामाच्या उपचाराला न्यायचं, महिन्यातून एकदा सिहोऱ्याला बहिणीकडे जायचं. उजवा खांदा आखडल्यामुळे त्यांचा हात कानाच्या वर जात नव्हता, म्हणून पुण्याच्या मुलाने, समीरने, हा दरवाजा बसवून दिला होता. पहिल्यांदा आर्म वाकला तेव्हा मी शिडीवर आणि बाई खाली उभ्या.

"बोरकर भाऊ, हा टिकायला पाहिजे बरं का," त्या म्हणाल्या. "समीर म्हणून राहिला, दरवाजाच सांभाळता येत नाही तर घर कसं सांभाळशील. गाडी विक, घर विक आणि पुण्याला चल. मी चाळीस वर्षं या गावात शिकवलं. पुण्यात आठव्या मजल्यावर बसून मी काय करू? आणि यांचं तर घर बदललं की संपलंच."

'हे' म्हणजे नाफडेबाबू. त्यांना मी बाईंच्या आधीपासून ओळखत होतो. आमच्याच कारखान्यात ते भांडारपाल होते. भांडाराच्या खिडकीपलीकडे बसायचे, आणि चिठ्ठी असल्याशिवाय त्यांनी मला कधी एक ड्रिल दिला नाही. एकदा फोरमन स्वतः आले, तर त्यांनाही म्हणाले, "चिठ्ठी?" संध्याकाळी सुटायच्या आधी ते भांडाराची फेरी मारायचे. प्रत्येक कडी लावायची, प्रत्येक कुलूप तीनदा ओढून बघायचं, मगच बाहेर पडायचं. आम्ही त्यांची नक्कल करायचो. आता त्यांच्या डोक्यातलं बरंच पुसत चाललं होतं. माझं नाव आठवत नव्हतं, पण मला पाहिलं की म्हणायचे, "काय टूल रूम, कसं काय?" मला ते नावापेक्षा बरं वाटायचं.

मी लाल दोरी ओढली, दरवाजा हाताने अर्धा उचलून सोडला. जिथल्या तिथे उभा राहिला, म्हणजे स्प्रिंगा ठीक. पन्हळ साफ, चाकं मोकळी. नवा आर्म लावला आणि आलो. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. पुन्हा तोच प्रकार.

आता माझी चूक सांगतो, नीट ऐका. तो वाकलेला आर्म माझ्या हातात होता. त्याचा बाक उघडला होता, म्हणजे विळा थोडा सरळ झाला होता, आणि पिनांची गोल भोकं लांबट झाली होती. ढकलताना अडला असता तर आर्म चेपला असता. हा ओढताना अडला होता. म्हणजे बंद दरवाजा मोटर उघडायला गेली आणि दरवाजाला कोणीतरी धरून ठेवलं होतं. कारखान्यात असा तुकडा आला असता तर मी अर्ध्या मिनिटात हे बोललो असतो. पण तिथे बाई चिंतेने बघत होत्या, बाबू खुर्चीवर बसले होते आणि मला मोठेपणा मिरवायचा होता. मी तो आर्म बोटाने वाजवला आणि म्हणालो, "हे लोखंड आहे का बाई? तेलाच्या डब्याचा पत्रा आहे. मी तुम्हाला बनवून देतो. आपल्या टूल रूमचा माल. मग काय वाट्टेल ते होऊ द्या, आर्म वाकला तर नाव बदलीन."

बनवला, आणि काय बनवला म्हणता. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा भंगारातून आणला, तापवून बाक दिला, पाणी दिलं, भोकं अशी पाडली की पिन अंगठ्याने दाबली की सुळकन आत. चार दिवस लागले. बायको म्हणाली, "दरवाजाला लावून राहिले की तोफेला?" मी लक्ष दिलं नाही. लावताना मोटरची ताकदही दोन खुणा वाढवून ठेवली, म्हणजे ती उगीच मध्ये थांबायची नाही. बाबूंनी खालून तो आर्म बराच वेळ न्याहाळला.

दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी साडेआठला बाईंचा फोन आला. आवाज इतका सपाट होता की मी चहा ठेवून उठलो.

गॅरेजमध्ये सगळीकडे प्लास्टरचा चुरा पडला होता. माझा आर्म जसाच्या तसा होता, केसभरही हलला नव्हता. त्याच्याऐवजी दरवाजाची वरची फळी फाटली होती आणि मोटरची दांडी जिथे भिंतीत धरली होती तो भाग विटेसकट उखडून आला होता. दांडी लोंबकळत गाडीच्या टपावर टेकली होती. गाडी आणि दरवाजा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत प्लास्टिकची एक सपात पडली होती. बाबू आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. एका पायात सपात होती, एक पाय उघडा. खांद्यावर, केसांत पांढरा चुरा. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. दांडी कोसळली तेव्हा ते एक वीत अलीकडे असते तर मी आज हा लेख लिहिला नसता.

मी दरवाजाकडे वळलो आणि खाली, बाजूला, डाव्या हाताला नजर गेली. आतली आडवी कडी पन्हळीच्या भोकात पूर्ण गेलेली होती. दरवाजाबरोबरच येते ती, वीज नसली तर हाताने बंद करायला. मोटर असलेल्या दरवाजाला ती लावायची नसते. मी इतक्या वेळा आलो, ती नेहमी उघडीच दिसली होती.

"बाई," मी म्हणालो, "ही कडी कोण लावतं?"

त्या पायरीवर बसल्या. "हे लावतात. दिवेलागणीला घरभर फिरतात, सगळ्या कड्या लावतात, ओढून बघतात. तेवढं एकच विसरले नाहीत. मी रोज रात्री मागून जाऊन ही काढून ठेवायची. एखाद्या दिवशी राहून जायची. सकाळी रिमोट दाबला की मोटर कण्हायची, आणि हे धावत येऊन कडी काढायचे. पहिल्यांदा आर्म वाकला तो त्यामुळेच, हे मला कळलं नाही. दुसऱ्यांदा मी पाहिलं."

"मग मला सांगायचं नाही का? दुसऱ्यांदा मी इथे शिडीवर उभा होतो."

"काय सांगू? समीरला कळलं असतं की बाबा कड्या लावून विसरतात, तर तो त्याच आठवड्यात आला असता." मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीच म्हणालात ना, काय वाट्टेल ते होऊ द्या, आर्म वाकणार नाही. मला वाटलं, मग कडी राहिली तरी चालेल. त्यानंतर मी रात्री बघायचं सोडून दिलं होतं. दोन महिने मीच सकाळी यांना आधी उठवायची, उठले की हे कडी काढायचे, म्हणून निभलं. आज मी आधी रिमोट दाबला."

मला खूप लोकांनी खूप काही सुनावलं आहे. अधिकाऱ्यांनी, गिऱ्हाइकांनी, बायकोने तर रोज. पण त्या शांतपणे बोललेल्या दोन वाक्यांसारखं मला काही लागलं नाही. गणिताच्या बाई होत्या. मी जे सांगितलं ते खरं धरून त्यांनी पुढचं गणित केलं होतं. तो पत्र्याचा आर्म किरकोळ नव्हता. तो वाकायचा म्हणून भिंत वाचायची आणि माणूस वाचायचा. बनवणाऱ्याने तो विचार करून कच्चा ठेवला होता, आणि मी त्याला डब्याचा पत्रा म्हणालो होतो.

मी बाबूंसमोर जाऊन बसलो. ते घाबरलेले होते. हळूच म्हणाले, "टूल रूम, माझ्याकडून काही गहाळ झालं का?" मी म्हणालो, नाही बाबू, माझ्याकडून झालं. आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

भिंत, फळी, दांडी सगळं मी चार दिवसांत नीट केलं. आर्म बाजारातला साधाच लावला, मोटरची ताकद खाली आणली, आणि कडी काढून टाकली. कोणीही हेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. संध्याकाळी बाबूंना कडी सापडली नाही. चोरी झाली म्हणाले, आणि गॅरेजमध्ये खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. जेवायला उठेनात. बाई म्हणाल्या, "भाऊ, खोटी कडी लावता येईल का? नुसती दिसायला?"

मी म्हणालो, "बाई, ते ओढून बघतात. तीनदा. भांडारपालाला खोटी कडी चालायची नाही."

मग मला आमच्या प्रेस मशीनची आठवण झाली. तिच्या पुढ्यातली जाळी बंद केल्याशिवाय ती चालतच नसे, म्हणून कोणाची बोटं गेली नाहीत. जाळीखाली एक लहान स्विच असायचा. मी तसाच स्विच कडीच्या भोकामागे बसवला. कडी आत गेली की मोटरची वीजच बंद. रिमोट कितीही दाबा, ती हूं की चूं करणार नाही. कडी निघाली की वीज सुरू. स्वयंपाकघरात किल्ल्यांच्या खुंटीजवळ लाल दिवा लावला. कडी लागलेली असेल तर तो पेटतो. आणि कडी खरी, जुनीच, तेल देऊन गुळगुळीत केलेली. बाबूंनी ती लावली, तीनदा ओढली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं काम पास केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. रिटायरमेंटच्या दिवशी गळ्यात पडलेल्या हारापेक्षा मला ती मान मोठी वाटते.

बाईंनी एक गोष्ट आपल्या मनाने केली. सकाळी लाल दिवा दिसला की त्या स्वतः कडी काढायला जात नाहीत. बाबूंना सांगतात, "अहो, गाडी काढायची आहे." बाबू विचारतात कुठे, परत कधी, आणि मग कडी काढतात.

गेल्या दिवाळीत समीर आला. आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. बायको चकलीची कृती विचारत होती, तेवढ्यात समीर गाडीची किल्ली घेऊन उठला, पणत्या आणायला. बाई म्हणाल्या, "बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही," पण तो गेला. मिनिटभराने परत आला. "आई, दरवाजा परत बंद पडला ना? मी काय म्हणत होतो? असं किती दिवस चालायचं?"

बाईंचा हात ताटातच थांबला. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडणार, तोच बाबू उठले. सपाता घातल्या, गॅरेजकडे चालू लागले. आम्ही सगळे मागून.

"कुठे चालली गाडी?" त्यांनी विचारलं.

समीर गोंधळला. "बाबा, बड्या फुहाऱ्याला. पणत्या आणायच्या आहेत."

"परत कधी?"

"तासाभरात."

बाबूंनी वाकून कडी काढली. "अच्छा, चलो," म्हणाले. समीरने रिमोट दाबला आणि दरवाजा आवाज न करता वर गेला. तो किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला. मग मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या आर्मसकट, उखडलेल्या भिंतीसकट, काही न लपवता. तो ऐकून गाडीत बसला आणि निघून गेला.

दीड तासाने आला. बाबू गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून होते. गाडी आत घेतली, तसं घड्याळ बघून म्हणाले, "अर्धा तास उशीर." समीर गाडीतून उतरलाच नाही काही वेळ. स्टिअरिंगवर डोकं ठेवून होता. मग पणत्यांची पिशवी वडिलांच्या हातात देऊन म्हणाला, "बाबा, मोजून घ्या." त्या मुक्कामात त्याने पुण्याचा विषय काढला नाही. पुढे काढेल, मला ठाऊक आहे, आणि काढावाही लागेल. पण हे एक वर्ष बाईंनी जबलपुरात काढलं.

त्या दिवशी निघताना बाबूंनी मला दारात अडवलं. "टूल रूम, तो आर्म जमा केला नाही तुम्ही."

माझा तो जाडजूड आर्म मी घरी खिळ्याला टांगून ठेवला होता, रोज डोळ्यांसमोर राहावा म्हणून. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून घेऊन गेलो. बाबूंनी तो उलटापालटा करून बघितला, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. काम चोख होतं, ते त्यांना कळलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इतका जाड काहून बनवला?"

"चुकलं, बाबू."

त्यांनी तो कपाटात खालच्या फळीवर ठेवला, कुलूप लावलं आणि तीनदा ओढून बघितलं.